टोपी तिने काढली होती

आमच्या घरात दोन वर्षं एक वाक्य नांदत होतं: अम्मा टोपी काढायला विसरली. मुलीच्या तोंडी ते होतं, शेजाऱ्यांच्या तोंडी होतं, आणि माझी बायको तर रोज सकाळी स्वतःशीच म्हणायची, ‘मी टोपी काढायला विसरले.’ हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं ते मी, इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून. ते खोटं होतं. टोपी तिने काढली होती. स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्याला ती लटकत होती आणि मी ती पाहिली होती.

ही टोपी कसली, ते आधी सांगायला हवं.

आमची मुलगी बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. नऊ वर्षांपूर्वी तिने आमचं मैसूरचं घर दुरुस्त करून घेतलं आणि तिच्याच शब्दांत, घराला थोडी अक्कल दिली. दिवे हाक मारली की लागू लागले. दाराशी कोण आलंय ते फोनवर दिसू लागलं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळावर माळा आहे, त्यामुळे तिथलं छत हाताला लागेल इतकं खाली येतं. तिथे तिने बशीएवढं एक पांढरं यंत्र बसवलं. त्याच्या मध्यभागी एक हिरवा ठिपका जळायचा. धूर झाला तर ते ओरडणार होतं, आणि गॅस नीट जळला नाही की जो कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू होतो, तो साचला तरी ओरडणार होतं. ओरडायचं ते घरात, आणि शिवाय बेंगळुरूला मुलीच्या फोनवर.

बायकोने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव सासूबाई ठेवलं.

‘वरून टक लावून बघतात, आणि मी मिरची फोडणीला टाकली की किंचाळतात. तुमची अम्मा अशीच होती, री.’

आमच्याकडे बायका नवऱ्याला कन्नड चालीवर ‘री’ म्हणतात. माझी अम्मा खरोखरच अशी होती.

मग तिने तोड काढली. मुलीने कुठल्याशा हॉटेलातून केस झाकायची प्लास्टिकची टोपी आणली होती, कडेला इलॅस्टिक असलेली. फोडणीआधी बायको छोट्या स्टुलावर चढायची, ती टोपी यंत्राला चढवायची आणि खाली उतरून जाहीर करायची, ‘सासूबाईंना टोपी घातली!’ मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं. कन्नडमध्येही ‘टोपी हाकोदु’ म्हणजे तेच. दोन भाषांत चालणारा हा एक विनोद तिला सात वर्षं पुरला. फोडणीचा खकाणा गेला की ती पुन्हा स्टुलावर चढायची, टोपी काढायची आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. एकदाही विसरली नाही. हे मी पुन्हा लिहितो: सात वर्षांत एकदाही नाही.

आता माझ्याविषयी.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबा, आजोबा कापड रंगवत आणि लाकडी ठशांनी छापत. वडिलांच्या हाताखाली शेवटचे दोन निळीचे रांजण होते. मी शाळेत होतो तेव्हा तेही उठले. पण त्या रांजणांनी घराला एक गर्व देऊन ठेवला होता, नाकाचा. निळीचा रांजण तयार झाला की नाही हे वडील वासावरून सांगत. झाकण चार बोटं सरकवायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. चुलत्यांपैकी कुणी सर्दी झाल्याचं कबूल करत नसे, इतकी त्या नाकाची शान. आणि कधी कधी रांजण रंग धरेनासा व्हायचा. मग कुणी ‘मेला’ म्हणायचं नाही. ‘निजला’ म्हणायचं. त्याला गोणपाट पांघरायचं, दोन-तीन दिवस त्याच्याजवळ मोठ्याने बोलायचं नाही, आणि तो आपण होऊन उठायचा.

मी स्वतः रांजणात हात घातला नाही. मी औषधांच्या एका गोदामात चौतीस वर्षं नोकरी केली. मुदत संपलेला माल वेगळा काढणं हे माझं मुख्य काम. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली तारीख मी चष्म्याशिवाय वाचत असे. वाचकांना वाटेल, असा माणूस तारखेच्या बाबतीत कडक असणार. झालं उलटंच. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध मी कितीदा घरी आणलं, आम्ही प्यायलो, खोकला गेला. तारीख ही भित्र्या माणसांनी छापलेली असते, असं माझं मत होऊन बसलं. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केलं तेव्हा तर ते मत पक्कं झालं.

सातवं वर्ष संपत आलं तेव्हा दुपारी वर्तमानपत्र वाचत असताना बोळातून आवाज आला. चिव्. थोड्या वेळाने पुन्हा, चिव्. चिमणीचं पिल्लू आलंय असं समजून बायको माळ्यावर वाकून पाहत होती.

‘सासूबाई चिवचिवतायत, री.’

हिरवा ठिपका पिवळा झाला होता. मी यंत्र फिरवून खाली काढलं. पाठीवर लहान अक्षरांत छापलं होतं, कधी बनवलं आणि कधी बदलायचं. बदलायचा महिना होऊन गेला होता. आतला वायू ओळखणारा भाग झिजतो, वापरा अथवा वापरू नका, तो आपल्या वेळेला थकतो, असं सोबतच्या कागदावर होतं. मी तो कागद तेव्हा वाचला नाही. पाठीवरची तारीख वाचली आणि मला चक्क राग आला. धडधाकट वस्तू, जन्मतःच पाठीवर मरणाचा महिना लिहून दिलेला. मी बटण दाबलं. यंत्र घर हलेल असं किंचाळलं.

‘बघ,’ मी म्हणालो. ‘काय झालंय याला? फक्त निजायला आलंय.’

मुलीचा फोन त्याच संध्याकाळी आला. ‘अप्पा, ॲपवर रेड येतंय. एक्स्पायर झालंय म्हणतंय. मी नवीन ऑर्डर केलंय, परवा येईल. लगेच लावा, हं? जुनं काढून टाका.’

नवीन आलं. तसंच पांढरं, तसंच गोल. मी खोकं उघडलंही नाही. पणजोबांचे छापायचे ठसे ज्या सागवानी पेटीत आहेत त्या पेटीत, ठशांच्या वर, ते ठेवून दिलं. आणि मुलीला सांगितलं, ‘लावलं.’

‘जुनं मी ॲपमधून काढलं, पण नवीन दिसत नाहीये, अप्पा.’

‘वायफाय पकडत नाही ते. हिरवा दिवा लागलाय ना, पुरे.’

‘बरं, आले की बघते.’

ती आली तेव्हा दिवाळी होती, घर माणसांनी भरलं होतं. तिने बोळातून जाताना वर पाहिलं, हिरवा ठिपका पाहिला आणि पुढे गेली. कारण तोवर मला युक्ती सापडली होती. चिवचिव सुरू झाली की छत्रीच्या टोकाने बटण दाबायचं. यंत्र तीन दिवस गप्प होई, ठिपका हिरवा होई. चौथ्या दिवशी पुन्हा. कुंडीला पाणी घालावं तसं मी ते करत होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात जिव्हाळा वाटू लागला होता. टोपी चढवायला जरा उशीर झाला तर मिरचीच्या खकाण्याला ते अजूनही ओरडायचं. मग त्याला मेलेलं कसं म्हणायचं?

पुढे केव्हातरी तो कागद मी वाचला. बटण फक्त गळा तपासतं. नाक तपासत नाही.

मग मार्गशीर्ष आला. मैसूरला थंडी म्हणण्यासारखी थंडी नसते, पण सकाळी वारा बोचतो. आमच्या न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवायचा गीझर होता, आणि वर एक झडपेची लहान खिडकी. बायकोने त्या खिडकीत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. मला विचारून कोंबला. ‘सासूबाई आहेत ना बाहेर,’ ती म्हणाली, ‘काही झालं तर ओरडतील.’ मी ‘हो’ म्हणालो.

ते पंधरा दिवस मला कसे आठवतात हे लिहायला मला सगळ्यांत जड जातं. ते फार गोड आठवतात. सकाळी तिच्या मागून मी अंघोळ करायचो, कढत कढत, बराच वेळ, आणि बाहेर येऊन पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसायचो तेव्हा अंग कापसाचं झालेलं असायचं. वर्तमानपत्राची अक्षरं एकमेकांच्या कुशीत शिरायची. डोळे मिटले की वडिलांचं आवार दिसायचं. दोऱ्यांवर कापडं वाळत घातलेली, एकामागे एक, निळी, मंजिष्ठेची तांबडी, आणि त्यांच्यामधून मी चालतोय, ओलं कापड गालाला लागतंय. वडील रांजणावर वाकलेले असत. मी हाक मारायचो आणि ते वळायच्या आत मी जागा व्हायचो. डोकं जड असायचं. म्हातारपण इतकं हळुवार असतं हे कुणी सांगितलं कसं नाही, असं मला वाटायचं.

बायकोचंही डोकं दुखायचं. ती पोळपाटासमोर लाटणं हातात धरून नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, ‘री, आज मला तुमची अम्मा दिसली. स्वयंपाकघरात उभी होती. काही बोलली नाही.’

‘चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा,’ मी म्हणालो.

‘चष्म्यातून सासू दिसते होय?’

दोघंही हसलो. संक्रांतीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं.

त्या सकाळी ती अंघोळीला गेली. मी आरामखुर्चीत होतो. पाण्याचा आवाज येत होता आणि मी पुन्हा त्या कापडांतून चालत होतो. आवाज फार वेळ येतोय हे मला कळत होतं, पण स्वप्नात पाऊस पडत असल्याचं कळतं तसं. जागा कशाने झालो ते माहीत नाही. दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. शेजारचे गृहस्थ निवृत्त पोस्टमन, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ते कुंपणावरून उडी मारून आले आणि खांद्याने कडी तोडली. ती भिंतीला टेकून बसली होती, गाल गुलाबी झालेले, एखाद्या नव्या नवरीसारखे. नळ चालू होता. आम्ही तिला उचलून बोळातून अंगणात आणलं. बोळात मी वर पाहिलं. हिरवा ठिपका शांत जळत होता. त्याच्या पलीकडे, दाराशेजारच्या खिळ्याला, टोपी लटकत होती. त्या दिवशी चूलही पेटली नव्हती.

इस्पितळात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘गॅस गीझर आहे का?’

दुपारी मुलगी बेंगळुरूहून पोचली. व्हरांड्यात माझ्यासमोर उभी राहिली. दम लागला होता तिला.

‘अप्पा, अलार्म वाजला नाही?’

‘नाही.’

‘कसं शक्य आहे? नवीन होता तो. आत्ताच लावलाय. मी रिव्ह्यू वाचून वाचून घेतला होता...’ आणि तिचा चेहरा हळूहळू तिच्या स्वतःवरच उलटताना मी पाहिला. आपण वाईट यंत्र निवडलं असं तिच्या मनात येत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर शब्द होते. त्याऐवजी मी म्हणालो, ‘टोपी. अम्मा टोपी काढायला विसरली असेल.’

मुलगी बाकावर बसली. सुटल्यासारखी रडली. मला वाटलं, मी तिचं ओझं उतरवलं. कुणावर ठेवलं, त्याचा त्या क्षणी विचार केला नाही. आत खाटेवर पडलेली बाई जगेल की नाही हे माहीत नव्हतं, आणि मेलेल्या माणसाला दोष लागत नाही, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी तेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मुलगी इस्पितळात असताना मी घरी आलो, यंत्र काढलं आणि पेटीतलं नवीन त्या जागी लावलं. जुनं कापडी पिशवीत घातलं आणि वरुणा गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. तिकडे कालवा आहे. त्यात ते टाकून द्यायचं ठरवलं होतं.

बस अर्धी भरली होती. दुधाचे रिकामे कॅन, उसाचं कांडं चघळणाऱ्या दोन बायका. खिडकीतून ऊन येत होतं आणि कापलेल्या भाताचे वाफे मागे मागे सरकत होते. आणि मांडीवरच्या पिशवीतून आवाज आला. चिव्.

पुढच्या बाईने वळून पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा, चिव्.

‘अज्जा, पिशवीत काय आहे?’ तिने कन्नडमध्ये विचारलं.

‘कोळि मरी,’ मी म्हणालो. कोंबडीचं पिल्लू.

‘एकटंच? आईशिवाय कसं राहील ते? बघू द्या तरी.’

‘निजलंय.’

‘निजलेलं ओरडतं होय?’ दुसरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. कंडक्टर माझ्यासमोर येऊन गंभीरपणे म्हणाला, ‘अदक्कू टिकेट तगोळ्ळि, अज्जा,’ त्याचंही तिकीट काढा. सगळी बस हसली. मीही हसलो. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि ते यंत्र दर थोड्या वेळाने, अगदी समंजसपणे, आपली मुदत संपल्याचं बसभर सांगत होतं. इतके महिने ते मलाच सांगत होतं.

कालव्याच्या कडेला उभा राहिलो. पाणी संथ, हिरवट. म्हशी डुंबत होत्या. यंत्र हातात घेतलं, फेकायला हात मागे नेला आणि ते पुन्हा चिवचिवलं. फेकता आलं नाही. पाठीचं झाकण उघडून बॅटरी काढली. मग ते गप्प झालं, ठिपका विझला. मी ते परत आणलं आणि ठशांच्या पेटीत तळाशी ठेवलं.

बायको वाचली. अकराव्या दिवशी घरी आली. चालते, बोलते, हसते. पण तिच्या आठवणींचं विणकाम जागोजागी सैल झालं. जुनं सगळं शाबूत. काल काय झालं ते संध्याकाळपर्यंत निसटतं. त्या सकाळचं तर तिला काहीच आठवत नाही. रिकाम्या जागेत जे ठेवाल ते राहतं. आम्ही तिथे टोपी ठेवली.

गीझर निघाला, न्हाणीघराची खिडकी मोठी झाली. मुलीने स्वयंपाकाला एक बाई ठेवली आणि अम्माने गॅसजवळ जायचं नाही असं ठरवून टाकलं. ते प्रेमानेच. ‘अम्मा, तू विसरतेस ना, म्हणून.’ बायको मान हलवायची. ‘हो, मी टोपी विसरले होते.’ पुढेपुढे ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबून त्या बाईंना विचारू लागली, ‘आत येऊ का?’ चाळीसहून अधिक वर्षं ज्या चुलीसमोर ती उभी राहिली त्या चुलीला ती लांबून बघायची. मी आरामखुर्चीत बसून ऐकत असे. दोन वर्षं ऐकत होतो. आता मला दुपारी वडिलांचं आवार दिसत नसे. डोळे मिटले की खिळा दिसायचा.

यंदा उगादीला, म्हणजे पाडव्याला, मुलगी चार दिवस राहायला आली. सणाच्या सकाळी स्वयंपाकाच्या बाई त्यांच्या घरी गेल्या होत्या, म्हणून पुरण मुलगीच शिजवत होती. बायको उंबऱ्यावर उभी होती.

‘जरा घोटून देते ग.’

‘नको, अम्मा. तू बस.’

‘गॅस नाही पेटवत मी. सुम्मने घोटते.’ सुम्मने म्हणजे नुसतंच, उगाचच.

‘अम्मा, बेडा म्हटलं ना.’ बेडा म्हणजे नको. आवाज चढला नव्हता. पण बायकोने दाराच्या चौकटीवरचा हात काढून घेतला, जसा ऊन भांड्यावरून काढतात, आणि म्हणाली, ‘खरंय. मी टोपी विसरणारी.’

मी उठलो. पेटी उघडली. ठसे एकेक करून जमिनीवर ठेवले, आंबा, कमळ, वेल, आणि तळातून ते यंत्र काढून स्वयंपाकघरात नेलं. मुलीसमोर ओट्यावर पालथं ठेवलं.

‘पाठीवरची तारीख वाच.’

तिने वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. गॅस बंद केला.

‘हा जुना. नवीन मी लावलाच नव्हता. पेटीत होता. टोपी खिळ्याला होती, मी पाहिली. अम्मा काही विसरली नव्हती.’

इतकंच होतं. दोन वर्षं ज्याला पुरली नव्हती त्याला एवढी चार-पाच वाक्यंच लागली.

मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली. पुष्कळ वेळ ती त्या यंत्राच्या पाठीवरून अंगठा फिरवत होती.

‘मला वाटायचं मी निवडलेलं खराब निघालं, तेव्हा तुम्ही टोपी सांगितलीत, आणि मला बरं वाटलं, अप्पा. अम्माचं चुकलं म्हणून मला बरं वाटलं.’ मग म्हणाली, ‘दोन वर्षं मी तिला लहान पोरीसारखं वागवलं. तुम्ही तिथे खुर्चीत बसून बघत होतात.’

‘हो.’

‘नवीन लावला असता तर वाजला असता?’

‘कदाचित.’ हा शब्द मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपलो होतो. तो तिथे, त्या ओट्यासमोर, फार हलका वाटला. ‘वाजला असता,’ मी म्हणालो. ‘पहिल्याच आठवड्यात वाजला असता.’

बायको उंबऱ्यावरून ऐकत होती. ‘म्हणजे मी टोपी काढली होती?’

‘काढली होतीस.’

‘मला वाटतच होतं,’ ती म्हणाली. ‘मी कधी विसरत नाही.’ आणि ती आत आली, मुलीच्या हातातला डाव घेतला आणि पुरण घोटू लागली. त्या दिवशी दुपारभर ती गुणगुणत होती. मी फार दिवसांनी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोळात वर बघत उभी होती. म्हणाली, ‘री, मी टोपी काढायला विसरले होते ना?’

मी जे सांगितलं होतं ते तिच्यापाशी राहिलं नव्हतं. खोटं तेवढं राहिलं होतं. ते आधी येऊन बसलं होतं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. त्या दिवशी ती रागावली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि संध्याकाळी का बोलत नाही हे विसरून कॉफी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी तिने नुसतं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चौथ्या दिवशी मुलगी निघाली. बॅग उचलताना म्हणाली, ‘रोज सांगा तिला. ही तुमची ड्यूटी. तुमच्याशी बोलायला मला थोडा वेळ लागेल, अप्पा.’ तिने स्वयंपाकाच्या बाईंना फोन करून सांगितलं की यापुढे अम्मा ओट्याशी असतील, तुम्ही बाजूला थांबा. नव्या यंत्राची मुदत तिने आपल्या फोनमध्ये घातली. मीही त्याच्या शेजारी, छतावर, जाड पेनने महिना आणि वर्ष लिहिलं आहे. त्या महिन्यात मी असेन असं नाही. अक्षर मोठं काढलंय, जो असेल त्याला दिसेल.

तेव्हापासून मी रोज सांगतो. एखाद्या दिवशी मी आजारी पडेन, एखाद्या दिवशी नसेन, म्हणून लिहूनही ठेवतो आहे. हे लिखाण बाकीच्यांसाठी. नागरी अक्षरं मला वडिलांनी शिकवली होती. बायको शाळेत कन्नड शिकली, तिला मराठी फक्त बोलता येतं. म्हणून तिच्यासाठी मी एका पुठ्ठ्यावर कन्नड अक्षरांत एक मराठी वाक्य लिहिलं आणि त्या खिळ्याच्या वर लावलं: टोपी तू काढली होतीस.

आज सकाळी तिने ते मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर लावत. मग टोपी हातात घेऊन विचार करत राहिली. चुलीवर तेल तापत होतं, मिरच्या बाजूला काढलेल्या होत्या.

‘मी काढली होती. मग घातली कुणी?’

‘मी,’ मी म्हणालो. ‘तुला.’

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर तो जुना, दोन भाषांत चालणारा विनोद हळूहळू वर येत होता. तिने टोपी माझ्या हातात दिली.

‘मग आता तुम्हीच चढा, री. आणि फोडणी झाली की तुम्हीच काढा. मी बघत्येय.’

मी स्टुलावर चढलो.